कलाबाईच्या हातचं पाणी

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. सावेडीतल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, मोडका टेबलफॅन आणि जुना कुकर यांच्यामध्ये आज सकाळपर्यंत चार वर्षं पडून होतो. आजकालच्या पोरांना फिरकीचा तांब्या म्हणजे काय हेही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. पितळेचं गोल पोट, अरुंद मान, मानेला आटे आणि त्यावर फिरवून घट्ट बसणारं झाकण. एस.टी. कितीही आदळली तरी थेंब सांडत नाही. निदान मी कधी सांडू दिला नाही. एकदाच सांडलं, आणि त्याचंच सांगायचं आहे.

नगरच्या एका कारागिराच्या हातोडीखाली मी घडलो. साल सत्तावन्न. मला विकत घेतलं सहादूनं. तो सडकेच्या कामावर खडी फोडायचा. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. भांडेवाल्यानं विचारलं, "नाव काय घालू?" भांड्यावर घरधन्याचं नाव घालायची रीत. सहादू म्हणाला, "कलाबाई घाला. तांब्या तिचा हाय."

घरी येऊन त्यानं मला तिच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाला, "आता कुनापुढं वंजळ धरायची न्हाई." तिला वाचता येत नव्हतं. माझ्या पोटावरच्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं, आणि पुढं आयुष्यभर फिरवत राहिली.

ओंजळीची गोष्ट अशी. कलाबाईचं माहेर पारनेर तालुक्यातलं. आठ-नऊ वर्षांची असताना ती आईबरोबर एका मळ्यात खुरपायला जायची. विहीर मळेवाल्यांची. हिच्या लोकांनी तिला शिवायचं नाही. तहान लागली की पायरीच्या खाली बसून ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी सोडायचं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेकदा मळेवाल्यांची मुलगी, हिच्याच वयाची बनू. एके दिवशी बनूला खेळ सुचला. तिनं भांडं उंच नेलं, आणखी उंच नेलं. पाणी कलाच्या नाकात गेलं, अंगावर सांडलं, मातीत गेलं. तोंडात आलं घोटभर. बनू खुदखुदून हसली.

हे सगळं कलाबाईनं मला चिंच लावून घासता घासता सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. भांड्याशी बोलण्यात एक सोय असते. भांडं मध्येच "जाऊ दे गं आता" असं म्हणत नाही.

मी हाती आलो तेव्हापासून तिचा नेम ठरला. घराबाहेर पाणी प्यायचं ते माझ्यातलंच. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, मी तिच्या काखेतल्या पिशवीत. लोक नाक मुरडत, "एवढा कसला तोरा!" म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दिवस बदलले. मुलगा भीमराज शिकला, टेलिफोन ऑफिसात लागला, त्यानं सावेडीत फ्लॅट घेतला. सहादू तो बघायला राहिला नाही. भीमराज आणि त्याची बायको यशोधरा दोघंही कामावर जात, त्यामुळे मे महिन्यात नात दीपा आणि कलाबाई अशा दोघीच घरी. घरात बसतील त्या कसल्या! कलाबाईला हिंडायची भारी हौस, रविवारी तर ठरलेलंच. लांब नाही जायची ती. चांदबिबीच्या महालावर, डोंगरगणला, नाहीतर स्टँडवर जाऊन जी गाडी दिसेल तिनं दोन गावं पुढं. फडक्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. आणि पाण्याला मी. एरवी मांडणीवर झाकण लावून बसलेल्या माझा तोच सण.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात समोरच्या फ्लॅटमध्ये एक मास्तर राहायला आले, सुनील नावाचे. त्यांची मुलगी रेश्मा दीपाच्याच वयाची, अकरा वर्षांची. आणि मास्तरांची आई. जिन्यात दोघी म्हाताऱ्यांची पहिली गाठ पडली तेव्हा मी कलाबाईच्या हातात होतो.

"तुमचं माहेर कोनतं वं?" समोरचीनं विचारलं.

कलाबाईनं गावाचं नाव सांगितलं.

ती बाई कठड्याला धरून उभी राहिली. "माजं बी त्येच," ती म्हणाली. "मी बनू. बनुबाई."

माझ्या मानेवरची कलाबाईची बोटं अशी आवळली की मला वाटलं, आटे मोडतात आता.

म्हाताऱ्यांचं काहीही असो, पोरींचं दोन दिवसांत गूळपीठ जमलं. दीपा जिकडं तिकडं रेश्मा. मग रविवारच्या हिंडण्यातही रेश्मा आली, आणि नातीला एकटी कशी सोडायची म्हणून बनुबाईही आली. पहिल्या खेपेला चांदबिबीचा महाल. पोरी अंधाऱ्या जिन्यानं आरडत ओरडत वर गेल्या, वटवाघळं बघून आणखी जोरात ओरडत खाली आल्या. सावलीत फडकी सोडली. बनुबाईनं मासवड्या आणल्या होत्या. खोबऱ्या-तिळाचं सारण भरलेल्या, मापात कापलेल्या. दीपानं पाच खाल्ल्या. कलाबाईनंही खाल्ल्या, मागून घेतल्या. मग बनुबाईनं रेश्माच्या लाल वॉटरबॅगेतून पेला भरला आणि पुढं केला.

"घे, कला. माठातलं हाय, गार."

"माजं हाय की माज्यापाशी," म्हणून कलाबाईनं माझी फिरकी उघडली.

बनुबाईनं पेला तसाच धरून ठेवला जरा वेळ. मग स्वतःच प्यायली.

दुसऱ्या रविवारी डोंगरगण. तिथंही तेच. तिसऱ्या रविवारी रसवंतीवर तेच. उसाचा रस दोघींनी एका बाकावर बसून घेतला, चरक फिरवणाऱ्या बैलाच्या घुंगरांवरून हसल्यासुद्धा. पण रस पिऊन झाल्यावर बनुबाईनं पाणी पुढं केलं की कलाबाईचं उत्तर ठरलेलं.

"आजी, तुम्ही मासवडी खाता, मग आमचं पाणी का नाही पीत?" रेश्मानं एकदा विचारलंच.

"सवय, बाळा," कलाबाई म्हणाली.

घरी आल्यावर मला घासताना ती पुटपुटायची, "तिला आठवत बी नसंल. हसनाऱ्याला कशाला ध्यानात राहतंय?" तिला हवं होतं ते इतकंच, बनूला आठवावं. मला तिची बाजू पटायची. मी तिचाच तर तांब्या.

मग तो राहुरीचा रविवार आला. मुळा धरण बघायचं म्हणून पोरींनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. सकाळच्या एस.टी.नं राहुरी, तिथून जीपमध्ये कोंबून धरण. केवढं पाणी! पोरी बघतच राहिल्या. काठावर दगडांची उतरंड होती आणि वर एक बाभूळ. तिच्या विरळ सावलीत दोघी बसल्या. कलाबाई वरच्या दगडावर, बनुबाई खालच्या. ऊन असं की दगडाला हात लावावा तर चटका. कलिंगड घेऊ म्हणत होत्या, पण विकणारा कुणी दिसेना. धपाटे खाऊन झाल्यावर रेश्माच्या ध्यानात आलं की लाल वॉटरबॅग एस.टी.च्या खिडकीच्या दांडीला टांगलेलीच राहिली. ती रडवेली झाली.

"राहू दे गं," बनुबाई म्हणाली. तिचा चेहरा लालेलाल झाला होता, ओठ सुकले होते. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि वर बघितलं. "कला, घोटभर पानी देतीस?"

मी भरलेला होतो. माझ्या कडीला पेला अडकवलेला होता, दीपासाठी. तो भरून द्यायचा, की झालं. मी वाट बघत होतो.

कलाबाई उभी राहिली. फिरकी उघडली. बनुबाईनं हात पुढं केला, पेल्यासाठी.

"वंजळ धर," कलाबाई म्हणाली.

बनुबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात जोडून तोंडाशी नेले. कलाबाईनं मला वाकवलं आणि उंच नेलं. आणखी उंच नेलं. पाणी बनुबाईच्या नाकातोंडात गेलं, चोळी भिजली, दगडावर पडून वाळलं. तोंडात गेलं घोटभर. पोरींना वाटलं आज्या खेळतायत, त्या टाळ्या पिटून हसल्या.

मी काय करणार होतो? माझं झाकण घट्ट बसलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

बनुबाईनं तोंड पुसलं नाही. ती खाली बघत म्हणाली, "मला आठवतंय, कला. जिन्यात तुला बघितलं तवाच आठवलं. न्हाईतर दर रईवारी पानी घिऊन तुज्याम्होरं कशाला बसले असते मी?"

कलाबाईनं माझी फिरकी लावली. माझ्यात अर्धं पाणी उरलं होतं. ते त्या दिवशी दोघींपैकी कुणीच प्यायलं नाही. परतीच्या गाडीत पोरी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या आणि म्हाताऱ्या दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत आल्या.

सोमवारी कलाबाईनं मला चिंच लावली. घासता घासता म्हणाली, "इतकी वर्सं तिच्या नावानं खडे फोडले, अन् केलं काय, तर तिनं केलं तेच. ती तर पोर हुती. माजं काय?" आणि ती रडली. सहादू गेला तेव्हा ती रडली होती, त्यानंतर तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच.

मंगळवारी तिनं मला कल्हईवाल्याकडं नेलं. आतून चांदीसारखा उजळलो मी. बुधवारी तिनं दीपाला बजावलं, "रेश्माला सांग, येत्या रईवारी परत महालावर जायाचं. मासवड्या आनू नका म्हनावं, मी करनार हाय." आणि मला म्हणाली, "या खेपंला तिच्या हातात पेला देईन. अन् तिचा पेला मी घेईन. सुनीलच्या आईला, न्हाई, बनूला तोंडानं सांगन, माजं चुकलं." समोरचं दार चार पावलांवर होतं. तेव्हाच गेली असती तर! पण नाही. जे बाहेर उन्हात झालं ते बाहेर उन्हातच मिटवायचं, डबे सोडून, पोरींच्या समोर, असं तिच्या मनानं घेतलं होतं. माणसं चांगल्या गोष्टीला मुहूर्त बघत बसतात आणि वाईटाला बघत नाहीत, हे मी या घरात शिकलो.

शुक्रवारी दुपारी बनुबाई कपडे वाळत घालता घालता गॅलरीतच कोसळली. रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

कलाबाई धावत गेली ती मला भरून घेऊन. दारातच कुणीतरी अडवलं, "काकू, आता पानी चालत न्हाई त्यांना." ती चौकटीपाशी खाली बसली. मी तिच्या मांडीवर, काठोकाठ भरलेला.

संध्याकाळी पुरुषमंडळी अग्नी देऊन अमरधामहून परतली. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रेश्मा आली. डोळे सुजलेले, हातात पेला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. दर रविवारी आजीला बघितलं होतं, त्यातलंच काहीतरी असेल. ती कलाबाईपुढं येऊन उभी राहिली.

"आजी, पाणी. माठातलं आहे."

एक पाहुणी हळूच म्हणाली, "सुतकाच्या घरचं पानी घेत न्हाईत, बाळा."

"मी घेते," कलाबाई म्हणाली.

तिनं मला बाजूला फरशीवर ठेवलं, दोन्ही हातांनी पेला धरला आणि पाणी प्याली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्याच्या घरचं, दुसऱ्याच्या हातचं. सगळा पेला संपवला. मग रेश्माला कुशीत घेऊन इतकी रडली की घरच्यांना प्रश्न पडला, ही नक्की कुणाची कोण?

मी भरलेलाच बाहेर आलो. समोरच्या आमच्या दारात न शिरता, जिना उतरून कलाबाई मला घेऊन इमारतीसमोरच्या कडुलिंबापाशी गेली. तिथं ती गुडघे टेकून बसली, माझी मान मातीला टेकवली आणि सगळं पाणी हळूहळू सोडून दिलं. इतक्या खालून माझ्यातून पाणी कधी सांडलं नव्हतं.

त्यानंतर तिनं मला नेलं नाही. हिंडणं सुटलं नाही तिचं. दोन्ही पोरींना घेऊन ती जायची, आणि रसवंतीवर, एस.टी. स्टँडवर, कुणाच्या मळ्यात, जो देईल त्याच्या हातचं पाणी प्यायची. दीपा येऊन सांगायची ते मी मांडणीवरून ऐकायचो. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? पण तिचा नेम सुटला म्हणून बरंही वाटलं. पुढं फ्रीज आला, प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो.

मागच्या थंडीत कलाबाई गेली. आता मे आहे, नव्व्याण्णवचा. यशोधरानं आज माळा झाडायला काढलाय. पितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची घ्यायची आहेत, भांडेवाला उद्या येणार आहे. मी गोणीत आहे. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. आतून काळा पडलेला तांब्या कोण आणि किती दिवस सांभाळणार?

पुनर्जन्म कलाबाई मानत नव्हती, त्यामुळे मीही मागत नाही. पण पितळ आहे, वितळून काहीतरी होईलच. कुठल्या तरी शाळेच्या नाहीतर स्टँडच्या नळाची तोटी झालो तर बरं होईल. फिरवली की पाणी, मग फिरवणारा हात कुणाचाही असो.

दीपा आत्ता समोरच्या दारात रेश्माशी बोलत उभी आहे. सोळा वर्षांच्या झाल्या पोरी. दोघी उद्या धरणावर जायचं ठरवतायत, हसतायत. दीपा, दार लावण्याआधी जरा इकडं ये. गोणीचं तोंड अजून बांधलेलं नाही. तुझ्या आजीला वाचता येत नव्हतं, तुला येतं. माझ्या पोटावरून एकदा बोट फिरव आणि तिचं नाव मोठ्यानं वाच. आणि उद्या धरणावर रेश्माला तहान लागली, तर खाली बसून तिच्या हातात पेला दे.