भूतमावशीचा उसासा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट भुताची आहे, पण भगवंताने ज्यांना कान दिले त्या सगळ्यांनी ऐकण्याजोगी.

पूर्वी भुतं झाडावर राहत. कॅमेरा आला, तशी ती फोटोच्या धुरकट कोपऱ्यात शिरली. टेलिफोन आला, तशी तारेत खरखरू लागली. आणि रेडिओ आल्यावर तर घरोघरच्या फळीवर येऊन बसली. एका रेडिओ केंद्रावर या भुतांना आवाज देणारी बाई होती. ओला हातमोजा पिळून ती गळा दाबल्याचा आवाज काढी. सगळे तिला भूतमावशी म्हणत. तिचा उसासा ऐकला की धट्टीकट्टी माणसं पाय पलंगावर ओढून घेत. जन्म मायक्रोफोनपुढे गेला, पण नाटकात एक वाक्य तिच्या वाट्याला आलं नाही.

ती गेली. तिची लेक त्याच केंद्रावर ध्वनिमुद्रणं कापण्या-जोडण्याचं काम करी. तिचे बाबा शिंपी. आता अंथरुणाला खिळलेले, डोळे गेलेले, कान मात्र शाबूत. एकदा ते म्हणाले, "तुझ्या आईचा चेहरा आठवतो, पण आवाज निसटला गं. एकदा ऐकव. वर भेटल्यावर ओळखायला नको का तिला?"

पण ऐकवायला आईचा एक शब्दही उरला नव्हता. केंद्राची रीत अशी, की आवाज काढण्याआधी त्याचं नाव बोलायचं. आई म्हणायची, "उसासा, हडळीचा," आणि मग उसासा टाकायची. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवताना हे बोलणं छाटून टाकायचं. लेकीने ते इमानाने छाटलं होतं, एकही शब्द न सोडता. तेव्हा आई घरी दिवसभर बोलत होती; तिचे शब्द जपून ठेवायचं कुणाला सुचणार? टेपा भंगारात गेल्या, आणि दुसरं कुठलंच ध्वनिमुद्रण नव्हतं.

केंद्रावरच्या म्हाताऱ्या नटाने तोडगा काढला: दुसऱ्या बाईकडून चार वाक्यं बोलवून घे, आजारी माणसाला काय कळतंय! लेक म्हणाली, "शिंपी आहेत ते. कापड बदललेलं त्यांच्या बोटांना कळतं."

दुपारी ती बाबांजवळ बसली. शब्द आपणच कापले, उरलाय तो फक्त हडळीचा उसासा, असं तिने सरळ सांगितलं आणि यंत्र लावलं. खोलीभर तो उसासा पसरला. लेकीच्या अंगावर काटा आला. बाबा मात्र हसले.

"हडळीचा कसला? केंद्रावरून येऊन माझी काजं-बटणं करायची आणि मग पाठ टेकायची ना, तेव्हाचा आहे हा."

लहानपणी लेकीला वाटे, आई केंद्रातलं भूत घरी आणते. आई तर घरचा शिणवटा केंद्रात नेत होती, आणि अख्खं गाव त्याला घाबरत होतं.

तिने यंत्र बंद केलं. त्यावरचा दिवा विझला. आणि पुन्हा उसासा आला, अगदी उशाजवळून.

बाबा हळूहळू भिंतीकडे सरकले. पलंगावर एका माणसापुरती जागा झाली.

"दार लोटून घे, बाळ," ते म्हणाले. "दमून आलीय ती."

लेकीने दार लोटलं. मागे वळायचा धीर झाला नाही, हात मात्र आपसूक जोडले गेले.

तर मंडळी, कुठे रेडिओवर भूत उसासलं तर रामनाम जरूर घ्या, पण भिऊ नका. पाठ टेकायला जागा शोधणाऱ्या त्या माउलीची तेवढी आठवण काढा.