सुमनताईंनी निवडलेला रंग

मित्रांनो, दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची मी एक जुनी मोटार. जन्म परदेशातला. बोटीतून मी मुंबईला उतरले आणि एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर देहूरोडला आले. १९६२ साली त्यांची बदली झाली, तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला असलेल्या उद्धवरावांनी मला विकत घेतलं.

तेव्हा मी गर्द हिरवी होते. रविवारी उद्धवराव मला धुऊन-पुसून काढत आणि पत्नीला, सुमनताईंना, शेजारी बसवून खंडाळ्यापर्यंत नेत. वळण आलं तरी त्यांचा वेग कमी होत नसे. "अहो, हळू!" असं ओरडता ओरडता सुमनताईच हसत सुटत. रस्त्यावरचे सायकलवाले थांबून माझ्याकडे बघत. खरं सांगते, मला त्याचा फार गर्व वाटे.

पुढे काचबिंदूनं उद्धवरावांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. सुमनताई शाळेत शिकवत, पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मी घरामागच्या कडुनिंबाखाली उभी राहिले ती राहिलेच. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. रंगाखाली फोड आले, फुटले, आणि पत्रा आतून कुजत गेला.

१९७९च्या हिवाळ्यात भंगारवाला दारात आला. उद्धवराव माझा निरोप घ्यायला आले. चाकावरच्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला आणि त्यांचं बोट गंजातून आरपार गेलं. रुमालानं बोट पुसत तिथंच उभे राहिले.

"तुम्ही जा," सुमनताई भंगारवाल्याला म्हणाल्या. "गाडी विकायची नाही."

"अगं, पण चालवणार कोण?"

"मी. शिकेन."

दोर बांधून मला दापोडीला नेलं. तिथं रुळांलगत साहेबरावांची शेड होती. डेंटिंग आणि पेंटिंग दोन्ही तेच करत. मला वाकून, ठोकून बघत ते म्हणाले, "ताई, पत्रा लई खाल्लाय गंजानं. पण सांगाडा धड आहे. होईल."

कुजलेला पत्रा कापताना मला वाटलं, आता संपलंच. पण साहेबरावांनी नवा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकला, त्याला माझा बाक दिला आणि जागेवर जोडला. उद्धवराव रोज येऊन स्टुलावर बसत. एकदा त्यांनी विचारलं, "मी हात लावू?" पत्रा नीट बसला का हे तळहातालाच कळतं; डोळे मिटून करायचंच ते काम. त्यांचा तळवा सावकाश सरकला आणि थांबला. "इथं दबलंय."

"मलाबी तिथंच शंका होती, साहेब," साहेबराव हसले आणि पुन्हा ठोकायला बसले. त्यानंतर कुठलाही भाग दोघांचे हात फिरल्याशिवाय पुढे जात नसे.

मग रंगाचा प्रश्न आला. उद्धवराव म्हणाले, "कुठलाही द्या. मला काय दिसणार?"

"मला दिसतो ना!" सुमनताई म्हणाल्या. "लाल द्या. जास्वंदीसारखा."

"लाल? इतकी वर्षं हिरव्या गाडीत बसलीस, कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

उद्धवराव इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रंगाच्या दिवशी साहेबरावांच्या पत्नी भिमाबाईंनी धूळ उडू नये म्हणून अंगणभर पाणी शिंपडलं. "थांबा, लोणावळ्याची गाडी जाऊ द्या," त्या म्हणाल्या. गाडी धडधडत गेली, धूळ खाली बसली, आणि मगच रंगाचा पहिला फवारा माझ्या अंगावर आला. थंडगार! कितीतरी वर्षांनी मला कुणाच्या तरी नजरेस पडावंसं वाटलं.

एका मेकॅनिकनं माझं इंजिनही दुरुस्त केलं. सुमनताई गाडी शिकल्या, परवाना काढला, आणि एका रविवारी उद्धवरावांना शेजारी बसवून निघाल्या. खंडाळ्याच्या वाटेवर सोमाटण्यापर्यंतच त्यांनी मला तीनदा बंद पाडलं.

"क्लच पूर्ण दाब, सुमन."

"गप्प बसा हो. मी चालवतेय."

उद्धवराव गप्प बसले. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते आणि चेहरा अगदी निवांत होता.

मित्रांनो, गंज एका दिवसात पत्रा खात नाही. आधी रंगाखाली राईएवढा फोड येतो. तो दिसला की पुढं ढकलू नका. त्याच दिवशी घासा, पुसा, रंगाचा हात द्या. सगळ्याच जुन्या गाड्यांच्या बाबतीत भंगारवाला रिकाम्या हातानं परत जात नाही.