डावीकडे कललेली उशी

बायको तीन महिने परदेशी लेकीकडे गेली, तर सीटवाल्या काकांच्या पदरात बरंच काही पडणार होतं: टीव्हीचा रिमोट, चहात हवी तेवढी साखर आणि दुपारी घोरण्याची मुभा. म्हणून लेकीने दोघांनाही बोलावलं, तेव्हा काकांनी आपले लांब पाय पुढे केले. "हे विमानात मावायचे नाहीत. तूच जा."

काकूंना जायलाच हवं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. पण कंबर अशी, की थोडा वेळही एका जागी बसवेना. "माझं गाठोडं बांधून विमानातून उतरवावं लागेल. नाही जात मी," असं म्हणून त्या आत गेल्या आणि डोळे पुसून आल्या.

काकांनी आयुष्यभर बसगाड्यांच्या सीटा शिवलेल्या. विमानात न्यायला त्यांनी फोमची उशी कापली, कपाटासमोर खुर्ची मांडून तिच्यावर ठेवली, गुडघ्यांपुढे वीतभर जागा सोडली. "हे तुझं विमान. बस." स्वतः शेजारी स्टुलावर मटार सोलत बसले. काकूंना जिथे टोचेल तिथे फोम तासायचा, पुन्हा बसवायचं. शेवटी उशी अशी जमली की काकू बसल्या बसल्या झोपल्या. काका कॉलर ताठ करून फिरू लागले.

मग शेजारच्या वहिनी आल्या. विमानाने जाऊन आलेल्या, त्यामुळे तोरा होताच. ऐटीत उशीवर बसल्या आणि डावीकडे कलंडल्या.

"भाऊजी, ही उशी की घसरगुंडी?"

"तुम्हाला बसता येत नाही," काका म्हणाले. पण हात लावून पाहिलं, तर डावी बाजू चांगलीच खाली. "काय गं, तिरकी बसतेस होय?"

"डावीकडे तुम्ही होतात ना," काकू म्हणाल्या. "टेकले."

"विमानात कोण परका शेजारी येईल, त्याला टेका आता!" वहिनी हसत गेल्या.

काकांनी डावीकडे फोमची पट्टी चिकटवून उशी सपाट केली, स्टूल हलवलं, काकूंना एकटं बसवलं. घटकाभरात त्या कंबर धरून उठल्या. "राहू द्या. लेकीला मीच सांगते."

फोन काकांनी आधी उचलला. "बाळा, दोन तिकिटं काढ. पाय? पाय घेईन मुडपून." बोलता बोलता दुसऱ्या हाताने त्यांनी ती पट्टी ओढून काढली.

विमानात काकूंनी पट्टा बांधला, कलल्या आणि झोपल्या. काकांचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतले. हवाई सुंदरीने जेवण पुढे केलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प केलं. तहान लागली, तीही गिळली.

उतरताना काकू ताज्यातवान्या. "लोक उगाच नावं ठेवतात हो विमानाला!"

लेकीला आई वेळेवर मिळाली, काकूंची कंबर शाबूत राहिली. भुर्दंड पडला तो काकांच्या उजव्या खांद्याला. आणि काका म्हणत होते, स्वस्तात पडलं.