एकोणिसावं पिंप

तिसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती बोरस्ते पिंपात होते. तळघराच्या डाव्या रांगेतलं एकोणिसावं पिंप. मथुराबाईंनी ते त्यांच्या खोकल्यावरून ओळखलं.

बाकीची मंडळी पुढे गेली होती. निफाडकडचे बावीस द्राक्ष बागायतदार, कुणी एकटे, कुणी जोडीनं, फ्रान्समधल्या बर्गंडीच्या बागा बघायला आले होते. मथुराबाई मागं राहिल्या, कारण त्यांच्या नवऱ्यानं अंथरूण सोडलं ते कुणाला न सांगता, आणि त्यांचे बूट दाराशी तसेच होते. मग पिंपातून खोकला आला. दोनदा, आणि शेवटी घसा खाकरून. बत्तीस वर्षं त्या खोकल्यानं त्यांची झोप मोडली होती.

"हे आत कसे?" त्यांनी विचारलं.

मादाम ऑबेर मंडळींच्या मुक्कामाच्या घराची आणि या तळघराची मालकीण. साठी उलटलेली, ताठ, हाताला जांभळे डाग कायमचे लागलेले. ती फ्रेंचमध्येच बोलत होती आणि मथुराबाईंना सगळं समजत होतं.

"काल रात्री सगळे झोपल्यावर स्वतःहून खाली आले," मादाम म्हणाली. "मी अडवलं नाही."

"एवढा उंच माणूस मावला कसा?"

"मावले नाहीत. ओतले गेले."

"बाहेर कधी येतील?"

"अठरा महिने. लवकर काढलं तर आंबट राहतात."

मथुराबाईंनी पिंपाच्या लाकडाला कान लावला. लाकूड गार होतं. "अहो," त्या म्हणाल्या, "प्रणिता येतेय दुपारी. बाहेर या."

"मला ठाऊक आहे ती येतेय," आतून आवाज आला. "म्हणून तर इथं आहे."

प्रणिता त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या, निम्म्या वाटूनही झाल्या होत्या. तेव्हा ती शिकायला म्हणून फ्रान्सला निघून आली ती परतलीच नाही. आता ल्यों शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. निवृत्तीरावांनी त्या दिवसापासून घरात तिचं नाव घेतलं नव्हतं. मथुराबाई मात्र दर रविवारी बागेच्या कडेला जाऊन तिच्याशी फोनवर बोलत. या सहलीत नाव घातलं तेही त्यांनीच. "फ्रान्समधल्या बागा तरी बघून येऊ," एवढंच नवऱ्याला सांगितलं होतं. खरं काय ते काल रात्रीच्या जेवणाच्या ताटावर सांगितलं. निवृत्तीरावांनी ताट पुढं सरकवलं आणि हात धुतले.

"मी तुम्हाला फसवलं, हे कबूल," मथुराबाई लाकडाला म्हणाल्या. "पण पोरीला तोंड दाखवायला काय होतं?"

"तोंड नाही आता," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता. कुणीतरी हवापाण्याची बातमी सांगावी तसा तो आवाज होता.

वर अंगणात सहलीचे व्यवस्थापक पराडकर मंडळींना मोजत होते. बस एक वाजता सुटणार होती, तिथून दुसऱ्या गावी मुक्काम.

"एकवीस, बावीस. झाले."

"अहो पराडकर, यांना सोडून कसे बावीस?" मथुराबाई म्हणाल्या. "हे तळघरात आहेत."

पराडकरांनी पुन्हा मोजलं. बावीसच. मथुराबाईंनी स्वतः मोजलं, एकेका खांद्याला बोट लावून. ढोमसे, त्यांची बायको, पगार आडनावाचे तिघं, वडघुले, असं करत करत त्या एकविसावर थांबल्या.

"तुमची मोजणी चुकतेय, काकू," पराडकर सौम्यपणे म्हणाले. "माझा आकडा कधी चुकत नाही. सामान आणून ठेवा."

त्यांनी सामान आणलं नाही. त्या पुन्हा खाली गेल्या. सकाळी चौदा पायऱ्या होत्या, आता सदतीस झाल्या. डावी रांग लांबली होती. सकाळचं पिंप दारापासून वीस पावलांवर होतं. आता त्या चालत राहिल्या, बराच वेळ, दोन्ही बाजूंनी पिंपं, मधे खडी. एकोणिसावं पिंप एकोणिसावंच होतं, फक्त एकोणिसापर्यंत पोचायला फार चालावं लागलं.

मादाम तिथं आधीच उभी होती. तिच्या हातात काचेची लांब नळी होती.

"बोला बरं," मथुराबाई पिंपाला म्हणाल्या. "काहीही बोला."

"विहिरीकडची बाग," आवाज म्हणाला. "ओढ्याकडची बाग. पाटाखालची." मग जरा वेळानं, "विहिरीकडची."

"वाक्यं लवकर विरतात," मादाम म्हणाली. "नावं जरा टिकतात. चव घ्यायची?"

"मी घेत नाही वाईन."

"ही अजून वाईन झालेली नाही."

तिनं पिंपाचं बूच काढलं, नळी आत सोडली, वरचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि नळी वर काढली. मथुराबाईंच्या तळहातावर चमचाभर काळसर लाल थेंब पडले. त्यांनी ते तीर्थासारखे ओठाला लावले.

आधी गंधकाची भुकटी लागली, फवारणीच्या दिवसांतली. मग गोणपाट, मग जळालेला जाड कागद. उरलेल्या लग्नपत्रिकांचा, हे त्यांना लगेच कळलं. त्यामागून एक अगदी बारीक, खारट चव आली, आणि त्या चवीत एक दुपार होती. निवृत्तीराव द्राक्षाच्या मांडवाखाली उभे होते. त्यांनी फोन कानाला लावला होता. पलीकडून प्रणिताचा आवाज आला, फ्रेंच धाटणीत, "अलो? कोण?" आणि त्यांनी फोन बंद केला. मग तशीच दुसरी दुपार. मग तिसरी. जिभेवर अकरा दुपारी लागोपाठ उलगडल्या आणि संपल्या.

मथुराबाईंना खडीवर बसावं लागलं.

"एक बोट कमी झालं," मादाम पिंपात डोकावून म्हणाली. "वरची जागा रिकामी ठेवून चालत नाही. हवा शिरली की माणूस नासतो. भर घालावी लागेल."

"कशाची?"

"त्याच घरचं हवं. दुसरं चालत नाही." मादामनं त्यांच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, शिंपी माप घेताना पाहतो तसं. "तुम्ही चालाल. तुम्ही बत्तीस वर्षं एका घरात आहात."

मथुराबाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या चपला ओल्या झाल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा खडीवर त्यांच्या दोन पावलांचे लाल ठसे उमटलेले होते. दुखत नव्हतं. उलट टाचांना गार वाटत होतं, सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी पदर खोचला आणि पायऱ्यांकडं निघाल्या. मागं वळून पाहिलं नाही. पायऱ्या त्यांनी मोजल्या नाहीत, कारण मोजल्या तर वाढतील अशी शंका त्यांना आली.

वर ऊन लख्ख होतं. जूनमधल्या हिरव्या बागा टेकडीपर्यंत पसरल्या होत्या, कमरेइतक्याच उंचीच्या. प्रणिता टॅक्सीतून उतरत होती. केस कापलेले, कपाळावर वडिलांसारखी उभी आठी.

"आई! अगं, पायांना काय झालं?"

"काही नाही. चल लवकर."

"आप्पा कुठं आहेत? येणार नाही म्हणाले का?"

"खाली पिंपात आहेत."

प्रणितानं आईकडं पाहिलं. मग तळघराच्या दाराकडं. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"कालपासून."

तेवढ्यात पराडकरांची शेवटची मोजणी सुरू झाली. मथुराबाई बसपासून पन्नास पावलांवर होत्या. "एकवीस, बावीस," पराडकर म्हणाले, समाधानानं वहीत खूण केली आणि दार लावून घेतलं. बस वळली तेव्हा मथुराबाईंना काचेतून दिसलं, एकही जागा रिकामी नव्हती. त्यांच्या खिडकीशी कुणीतरी पदर सावरत बसलं होतं.

"आई, तुमची बस गेली."

"जाऊ दे."

दोघी खाली उतरल्या. प्रणितानं आईचा दंड धरला होता, आणि तिला तो हात दर काही पावलांनी जास्त गार लागत होता. तिनं ते बोलून दाखवलं नाही. रांग इतकी लांबली होती की मागचं दार तांदळाएवढं दिसत होतं. एकोणिसाव्या पिंपातून आता शब्द येत नव्हते. नुसती बुडबुड, जणू कुणी तोंड मिटून काही म्हणतंय.

"आप्पा," प्रणिता म्हणाली.

बुडबुड थांबली.

"जास्त बोलू नका," मादाम अंधारातून म्हणाली. "गाळ वर येतो."

मथुराबाई मुलीला म्हणाल्या, "तुला फोन येऊन बंद व्हायचे ना गं? कुणी बोलायचं नाही?"

"हं."

"ते हे होते. अकरा वेळा."

"मला माहीत होतं," प्रणिता म्हणाली. "म्हणून तर मी नंबर बदलला नाही. तीनदा फोन बदलला, नंबर तोच ठेवला."

पिंपाच्या आत काहीतरी हललं. लाकडाच्या दोन फळ्यांमधून एक थेंब फुटला आणि खाली न पडता तिथंच लटकून राहिला.

"संध्याकाळपर्यंत भर घातली नाही तर हे जातील," मादाम म्हणाली. "दोघींपैकी कुणीही चालेल. ठरवा."

"मी घालते," प्रणिता म्हणाली. "आई, तू वर जा."

"गप बस," मथुराबाई म्हणाल्या. त्यांचे पाय आता घोट्यापर्यंत दिसत नव्हते. तिथं साडीच्या काठाखाली लाल ओल तेवढी होती. "मादाम, ती मोगरी द्या इकडं."

"उघडलं तर काय निघेल याची हमी मी देत नाही."

"तुमच्याकडं हमी मागितलीय कुणी?"

मादामनं भिंतीवरची लाकडी मोगरी काढून दिली. पिंपाला लोखंडाच्या सहा कड्या होत्या. मथुराबाईंनी पहिल्या कडीवर घाव घातला. कडी सुटून खडीवर गोल गोल फिरत पडली. दुसरी, तिसरी. प्रत्येक घावाबरोबर तळघराचा कुठलातरी लांबचा भाग जवळ येत होता. मागचं दार हाताएवढं झालं, मग परातीएवढं. चौथ्या कडीला मथुराबाई गुडघ्यापर्यंत ओल्या झाल्या होत्या आणि प्रणितानं त्यांना काखेतून धरून उभं ठेवलं होतं.

"आई, थांब जरा."

"थांबले तर राहिलंच."

पाचवी कडी. सहावीला जोर कमी पडला. प्रणितानं आईच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघींनी मिळून मोगरी उचलली.

कडी सुटली. फळ्या एकामागून एक बाहेर कलल्या आणि खडीवर पसरल्या.

दारू सांडली नाही. ती तशीच उभी होती, पिंपाच्या आकाराची, मधे फुगीर, काळसर लाल, आणि आजूबाजूला लाकूड नसताना थरथरत होती. दारातून येणारा उजेड तिच्या आरपार गेला होता. आत, बऱ्याच आत, काहीतरी छातीसारखं वरखाली होत होतं.

"हात लावू नका," मादाम पहिल्यांदाच घाईनं म्हणाली.

समोरच्या त्या लाल भिंतीवर, प्रणिताच्या उंचीला, आतल्या बाजूनं पाच बोटांचे ठसे दाबल्यासारखे उमटले आणि तिथंच थांबले. प्रणितानं आपला तळवा उघडला आणि पुढं नेला.