नेदकोची भिंत

“थांबव रे, थांबव,” रॉसित्सा ओरडली, आणि जेसीबीचा दात भिंतीपासून वीतभर अंतरावर थबकला.

चालक पेत्कोनं खाली उतरून चरात डोकावलं आणि कपाळाला हात लावला. घडीव दगड, मधे विटांचा भुगा घातलेला गुलाबी चुना, अगदी रोमन बांधणी. डॅन्यूबकाठच्या या गावात दोन शेतं ओलांडली की रोमन सैन्याचा किल्ला. त्यामुळे साधा नळाचा चर खणायचा तरी संग्रहालयाची रॉसित्सा काठावर उभी हवी. आणि रोमन भिंत लागली की काम बंद. राजधानीतून समिती येणार ती थेट वसंतात. तोवर, जिच्या घरी हा नळ जायचा त्या स्तोयना आजीनं भर बर्फात, असल्या गुडघ्यांनी, उतारावरून पाणी वाहायचं. मागच्या हिवाळ्यात ती दोनदा पडली होती.

काही सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली पुरातत्त्ववाली जगात रॉसित्सा एकटीच असेल.

“ती रोमनांची नाही गं पोरी,” कुंपणापाशी उभी असलेली आजी म्हणाली. “आमच्या ह्यांची आहे. वाइनचं तळघर होतं इथं.”

असं सगळेच सांगतात, रॉसित्सा म्हणाली, पुरावा लागतो. दगड किल्ल्यावरून आणले होते, हे आजीनं मान खाली घालून कबूल केलं. सगळ्या गावानंच आणले होते, आणि चुन्यात विटांचा भुगा घालायचं गवंडी शिकले तेही त्या जुन्या भिंती बघूनच. मग ती जरा घुटमळली.

“कोपऱ्यातल्या दगडामागं बघ. ह्यांची सावली आहे तिथं.”

पेत्कोनं टोपी काढली. भिंत टिकावी म्हणून गवंडी कुणा येणाऱ्याजाणाऱ्याची सावली दोऱ्यानं मापायचे आणि तो दोरा भिंतीत चिणायचे. ज्याची सावली, तो वर्षभरात जातो म्हणत. उगाच कुणाचे तळतळाट नकोत, म्हणून आजीच्या नवऱ्यानं, नेदकोनं, स्वतःचीच घातली होती.

“गेले मात्र ऐंशी पार करून,” आजी म्हणाली. “कुणाचं ऐकायचे थोडेच.”

रॉसित्सानं दगड हलकेच सरकवला. मागे लिमोनेडची बाटली, आणि तिच्यात लाल लोकरीचा दोरा. तिला हसू फुटलं, डोळेही भरून आले. सुटलो बाई एकदाचे, असं ती मोठ्यानंच म्हणाली. तिनं फोटो काढले आणि बाटली आजीच्या हातात दिली.

आता भिंत फोडावी लागेल, पाइप तिथूनच जाणार, असं पेत्को चाचरत म्हणाला.

“जन्मभर गाव ह्यांना कच्चा गवंडी म्हणून हसलं,” आजी म्हणाली. “आज संग्रहालयवाली फसली. एवढं पुरे झालं त्यांना. फोड तू.”

पहिला दगड काही केल्या निघेना. पेत्को चार शिव्या हासडून पुन्हा भिडला. आजीनं तिकडे बघितलंच नाही. तिनं दोरा बाटलीतून ओढून काढला, गवतावर सरळ पसरला, आणि आपली सावली त्याच्या शेजारी पडेपर्यंत हळूहळू बाजूला सरकत राहिली.