डाव्या बाजूचा कप

संघ कागदावर लिहायची पद्धत त्या फुटबॉल क्लबात कधीच नव्हती. कँटीनच्या टेबलावर अकरा कप मांडायचे आणि बॉल गमावला की जो खेळाडू जिकडे पळेल, तिकडे त्याच्या कपाचा कान करायचा. आज तर क्लबचा सर्वकालीन संघ निवडायचा होता, त्यामुळे कपाटातले चांगले कप बाहेर निघाले होते.

निवडणारे तिघे. म्हातारे कोच, जुना गोलकीपर, ज्याला सगळे भिंत म्हणत, आणि डाव्या कडेने पुढे धावणारा विंगर, टोपणनाव वारा. वाऱ्याचं आता चपलांचं दुकान होतं, गुडघे कुरकुरत होते, पण संघातली त्याची जागा पक्की होती. त्याचा जीव अडकला होता तो त्याच्या मागच्या जागेत. तिथे, डाव्या बचावाला म्हणजे लेफ्ट बॅकला, त्याला त्याचा थोरला भाऊ हवा होता. दादा इलेक्ट्रिशियन. बाहेरच्या हॉलमध्ये शिडीवर चढून तो निवडलेल्या खेळाडूंच्या फोटोंसाठी दिवे बसवत होता. आपलाही फोटो तिथे लागेल, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं.

कोचनी चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे असे कप मांडले आणि लेफ्ट बॅकला हिरोचा कप ठेवला. हिरो देखणा खेळायचा, पुढे जाऊन गोलही मारायचा.

"दादाला ठेवा ना तिथे," वारा म्हणाला.

"अरे, भाऊ म्हणून घुसवतोस होय?" भिंत हसली. "दादा चांगला, पण त्याचा एक तरी गोल आठवतो का कुणाला?"

वाऱ्याचे कान तापले. खरंच, लोकांना काय आठवणार? दादा धावायचा तेव्हा सगळं मैदान वाऱ्याकडे बघत असायचं.

त्याने साखरेचा खडा उचलला. "हा बॉल. मी पुढे घेऊन गेलो आणि गमावला. आता माझ्या कपाचा कान बघा."

कान पुढेच होता. वारा कधी मागे येत नसे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. हिरोच्या कपाचा कानही पुढेच. वाऱ्याने खडा मोकळ्या डाव्या बाजूने सरकवत नेला. वाटेत कुणी नव्हतंच. खडा थेट गोल म्हणून ठेवलेल्या भिंतीच्या बशीत जाऊन पडला.

भिंतीचं हसू मावळलं. "असे गोल खाल्ले असते तर मला भिंत कोण म्हणालं असतं रे?"

"पहिल्या मॅचला मी मागे पळालो होतो," वारा म्हणाला. "दादा खेकसला, 'तू वर थांब, मागचं मी बघतो.' तेव्हापासून मी वर थांबलो. माझे सगळे गोल त्या एका वाक्यावर उभे आहेत, कोच."

कोचनी चष्मा पुसला. "पण हिरोला काढलं तर लोक मला फाडून खातील. जागा एकच आहे."

"मग हिरो राहू दे, मला उचला. त्याच्या पुढच्या जागेवर, बॉल गेला की मागे पळणारा कुणीतरी घ्या. दादाशिवाय मी म्हणजे संघाला भोक."

त्याने स्वतःचा कप टेबलाच्या कडेला सरकवला. या फोटोसाठी त्याने नवा शर्ट शिवून घेतला होता.

कोचनी हिरोचा कप उचलला, तिथे दुसरा ठेवला आणि त्याचा कान मागे वळवला. वाऱ्याचा कप त्यांनीच पुन्हा जागेवर आणला. "लोकांना मी बघून घेतो," ते म्हणाले.

वारा हॉलमध्ये धावला. "दादा, तू संघात आहेस! लेफ्ट बॅक!"

दादा शिडीवरच थिजला. हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात जाईना. "मी? अरे, चेष्टा करतोस?"

"चेष्टा नाही. आणि दादा... इतकी वर्षं म्हणायचं राहून गेलं. थँक्यू. माझ्या वाटचं तू पळालास."

दादा खाली उतरला. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच खरखरीत.

"वेडा आहेस. लोक तिकीट काढून लांबून बघायचे. तुझा खेळ सगळ्यात जवळून मी पाहिला, तोही फुकट. त्यासाठी थोडं पळावं लागलं, एवढंच."