दोन बोटं कोरी जागा

मी निजाम सरकारच्या स्टँपाचा कागद बोलतोय. माझ्या डोक्यावर सरकारी छाप आहे, अंगावर उर्दू मजकूर आहे, खाली मोडीतली सही आहे. आणि बरोबर मधे, जिथं माणसाचं नाव यायला हवं होतं, तिथं दोन बोटं जागा कोरी आहे. माझी सगळी बेअब्रू त्या दोन बोटांत झाली, आणि ती करणारा माणूस आयुष्यभर अब्रू अब्रू करत जगला.

त्याचं नाव हिंमतराव. बारशाला जरा घाईच झाली असावी, असं माझं मत आहे. नळदुर्गापासून दोन कोसांवर त्याचं गाव, नदीकाठची काळी जमीन आणि बारमाही पाण्याची विहीर. एकुलता एक मुलगा बळवंत तापानं गेला. मागं राहिली मुलाची बायको, धुरपदाबाई. बाई गोषातली, परक्या पुरुषांसमोर न येणारी, पण पुढची नऊ वर्षं शेती चालवली ती तिनंच. कोणत्या वावरात शाळू, कुठं करडई, मोटेचा नाडा कधी बदलायचा, हे ती दाराआडून गड्यांना सांगायची. गाव उठायच्या आत विहिरीवर चक्कर मारून यायची. हिंमतराव ओसरीवर बसून मिशा कुरवाळायचा.

पुतण्या होता, बलभीम. त्याला जमिनीचा बांध कुठून कुठं जातो ते ठाऊक नव्हतं, पण म्हाताऱ्याचा खोकला किती वाढलाय ते बरोबर ठाऊक असायचं. आपल्यामागं हा सगळं घशात घालील आणि सून उघड्यावर पडेल, हे हिंमतरावाला कळत होतं. म्हणून एकोणीसशे पंचेचाळीस साली तो मुनवर वकिलांकडं गेला. साक्षीला दोन जिवलग मित्र घेतले: कापडवाले महांतप्पा आणि अत्तरवाले चाँदपाशा.

"राव, मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कागद चालतो," वकील म्हणाले.

"स्टँपाबिगर कागदाला वजन न्हाय," हिंमतराव म्हणाला. म्हणून मी विकत घेतला गेलो. नको तिथं हा माणूस फार काटेकोर होता.

वकिलांनी विहीर लिहिली, चारी बाजूंच्या हद्दी लिहिल्या, बांधावरची आंब्याची झाडंसुद्धा लिहिली. मग विचारलं, "हे सगळं द्यायचं कुणाला?"

"घरात."

"घरात कुणाला?"

हिंमतराव सतरंजीकडं बघत म्हणाला, "तिला."

"तिला काही नाव असेल की."

"वकीलसाब, आमच्यात बायकांची नावं कचेरीत जात न्हाईत. उद्या चपराशी चार लोकांत माझ्या सुनंच्या नावानं पुकारा करील, ते मला चालायचं न्हाय."

"बरं, नाव नको. बळवंतची बेवा, असं लिहितो."

बेवा म्हणजे विधवा. हिंमतरावानं नकाराची मान हलवली. मग हळूच म्हणाला, "माझं पोर गेलं, ते पुन्यांदा कागदावर नगं." तेवढ्यापुरती मला त्याची कीव आली. पुन्हा कधी आली नाही.

शेवटी जागा सोडायची ठरली. घरी जाऊन स्वतःच्या हातानं मोडीत नाव घालतो, म्हणाला. वकिलांनी बजावलं, "साक्षीदारांच्या सह्या झाल्यावर चढवलेलं अक्षर अदालत मानत नाही. नाव घाला आणि याच दोघांना घेऊन परत या, पुन्हा सह्या घेऊ." हिंमतराव "येतो की" म्हणाला. वकील हुशार होते, पण भिडस्त. नाव पडल्याशिवाय सहीसाठी लेखणी त्यांनी कुणाच्या हातात द्यायलाच नको होती.

तो कधीच परत गेला नाही. आधी अमावस्या आड आली, मग शाई वाळली. खरं कारण निराळंच होतं: महांतप्पाला मोडी वाचता येत होती, त्याला नाव दिसलं असतं. मी पेटीत, ठेवणीतल्या फेट्याखाली पडून राहिलो. खंडेनवमीला मात्र हिंमतराव मला बाहेर काढायचा, दौत-लेखणीशेजारी मांडून पूजा करायचा. हळदीचं बोट टेकवायला त्याला नेमकी ती कोरी जागा सापडली. लेखणी शेजारीच होती.

एकदा धुरपदाबाईनं दाराआडून विचारलं, "मामंजी, कागदाचं झालं का?"

"झालं समज," तो म्हणाला. ती बिचारी तसं समजून राहिली.

दोन वर्षांनी हिंमतराव गेला. तेराव्याच्या जेवणावरून उठून बलभीम थेट विहीर बघायला गेला. धुरपदाबाईनं मला पदरात गुंडाळून वकिलांकडं आणलं. त्यांनी मला उलगडलं, हळदीचा डाग पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

तरी ते लढले. मुन्सिफांपुढं साक्षी झाल्या. मालकाच्या मनात कोण होतं, असं विचारल्यावर महांतप्पा म्हणाला, "मनातलं आमी कसं सांगावं, हुजूर? नाव त्यांनी घेतलं न्हाय."

चाँदपाशा म्हणाला, "तिला म्हनले, व्हय. पन तिला म्हंजी कुनाला, ते आमी इचारलं न्हाय. बायामानसांचं कसं इचारावं?" दोघांनाही सगळं ठाऊक होतं. बाई मोठी चमत्कारिक वस्तू असावी, जिच्या घरचं दूध प्यावं, भाकरी खावी आणि जिचं नाव विचारू नये.

मग चपराशी दारात उभा राहिला आणि भर बाजाराच्या दिवशी तीनदा ओरडला, "धुरपदाबाई, बेवा बळवंत, हाजिर है?" म्हाताऱ्यानं जे दोन शब्द टाळायला सगळा खेळ मांडला होता, तेच दोन्ही एका दमात गावानं ऐकले. धुरपदाबाई गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाय. मीच ती."

निकाल लागला. ज्या कागदात घेणाऱ्याचं नाव नाही तो कागद कुणाला काही देत नाही. जमीन आणि विहीर वारस म्हणून बलभीमाला, धुरपदाबाईला अन्नवस्त्र. बलभीमाला माझ्यात एक अक्षर खोडावं लागलं नाही की वाढवावं लागलं नाही. त्याचं काम त्याच्या चुलत्यानंच करून ठेवलं होतं.

आता माझ्या डोक्यावरचं सरकारही गेलं. मी दफ्तरात एका बासनात बांधलेला आहे, कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत. तुम्ही वकिलाकडं गेलात तर झाडं मागाहून मोजा, आधी माणसाचं नाव सांगा. नाही सांगवलं तर घरीच बसा, माझ्यासारखा आणखी एक कागद नासवू नका.

त्याच बासनात माझ्या अंगाला अंग लावून निकालाचा कागद आहे. त्यात धुरपदाबाईचं नाव सात वेळा आलंय, पूर्ण, एकही अक्षर न चुकता. माझ्यात ते फक्त एकदा लिहायचं होतं.